वाकळेवरचे मशीनचे भरतकाम मनासारखे झाले नाही, तर काय करावे

दीड-दोन महिने दुपारची कामे आटोपून हाताने शिवलेली वाकळ आपण नाव किंवा नक्षी भरण्यासाठी दुकानात देतो, आठवड्याने पिशवी घरी आणून उघडतो आणि मनात धस्स होते. अक्षरे वाकडी गेलेली असतात, भोवतीचे कापड गोळा झालेले असते, किंवा नावच चुकलेले असते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जिला आपण वाकळ म्हणतो, पुण्याकडची माणसे गोधडी म्हणतात आणि आपले कन्नड शेजारी कौदी म्हणतात, ती हल्ली अनेक तरुण मुली नव्याने शिकून बाळाच्या बारशासाठी किंवा लग्नाच्या रुखवतासाठी आवडीने शिवतात. शिवण हाताची आणि नाव मात्र कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीच्या दुकानातले, अशी पद्धतही आता बरीच रुळली आहे. असे काम पहिल्यांदाच बिघडून हातात आलेल्यांसाठी हा लेख लिहिला आहे.

पहिली सूचना अशी की, त्या दिवशी वाकळेला कात्री लावू नये. काही वर्षांपूर्वी माझ्या बहिणीच्या नातीच्या बारशासाठी आमच्या आईच्या दोन जुन्या सुती लुगड्यांची चार थरांची वाकळ मी शिवली होती. शहरातल्या एका दुकानात तिच्यावर नाव भरून घेतले, तर नावातला रफार भलत्याच अक्षरावर बसला आणि सगळी ओळ उजवीकडे उतरत गेली. बारसे चार दिवसांवर आले होते. त्याच रात्री विजेच्या दिव्याखाली मी ब्लेड घेऊन वरच्या बाजूने टाके कापायला बसले आणि तिसऱ्या अक्षरापाशी आईच्या लुगड्याला दोन इंच लांब चीर पाडली. दुकानातली चूक दुरुस्त होण्यासारखी होती, पण ती चीर माझ्या हातची होती आणि ते लुगडे पुन्हा मिळणारे नव्हते. भरतकाम उसवता येते आणि पुन्हा भरता येते, पण वाकळेतले जुने कापड गेले की गेले. या कामातला प्रत्येक निर्णय एवढे एक ध्यानात ठेवून घ्यावा, असे मी आता शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला सांगते.

काम नीट पाहून घ्या

दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात वाकळ मोठ्या टेबलावर किंवा स्वच्छ चादर अंथरलेल्या फरशीवर पसरावी. आधी सरळ बाजूचे, मग उलट बाजूचे आणि शेवटी एक पट्टी शेजारी ठेवून जवळून, असे फोटो काढावेत. पावती, आपण दिलेला नावाचा कागद आणि मोबाईलवरचा संदेश एकत्र ठेवावा. पुढे दुकानदाराशी बोलताना हे सगळे उपयोगी पडते, शिवाय फोटोत दोष मोजूनमापून दिसतो आणि रागाच्या भरात मोठा वाटलेला दोष कित्येकदा लहान ठरतो.

मग बोटाने चाचपावे. भरलेला भाग पत्र्यासारखा ताठ लागत असेल, तर टाके फार दाट पडले आहेत. नेहमीच्या चाळीस नंबरच्या दोऱ्याने भरताना दोन ओळींमध्ये साधारण 0.4 मिलिमीटर अंतर असते. त्याहून बरेच दाट भरले की कापडाची चाळण होते. झिजलेल्या जुन्या साडीत तर टपालाच्या तिकिटाच्या कडेसारखी भोके ओळीने पडतात आणि दोन धुण्यांत तेथेच कापड फाटते. हा दोष वरून दिसत नाही, बोटालाच कळतो.

अक्षरांच्या भोवती चुण्या पडल्या असतील, तर बहुधा कापडाच्या खाली आधाराचा पेपर लावलेला नसतो किंवा कापड फ्रेममध्ये ताणून बसवलेले असते आणि फ्रेम काढल्यावर ते आखडते. वरच्या बाजूला पांढरा दोरा ठिपक्यांसारखा डोकावत असेल, तर तो बॉबिनचा, म्हणजे मशीनच्या खालच्या लहान रिळाचा दोरा आहे. वरचा दोरा जास्त घट्ट किंवा बॉबिनचा सैल असला की असे होते. उलट बाजूने पाहिल्यास रुंद पट्टीच्या टाक्यात बॉबिनचा दोरा मधल्या एक तृतीयांश भागात आणि दोन्ही कडांना वरचा रंगीत दोरा दिसला, तर ताण बरोबर होता असे समजावे. नक्षीची बाह्यरेषा आतल्या भरावापासून सुटून बाजूला गेली असेल किंवा ओळ तिरपी उतरली असेल, तर काम चालू असताना कापड सरकलेले आहे. वाकळेच्या बाबतीत हा दोष फार होतो, कारण एवढे जड अंथरूण मशीनवरून खाली लोंबत राहते आणि आपल्या वजनाने फ्रेमला एका बाजूला ओढत राहते. माझ्या वाकळेवरची ओळ उजवीकडे उतरली होती, ती याचमुळे.

भरताच्या भोवती उमटलेला फ्रेमचा गोल किंवा चौकोनी वळ मात्र दोष मानू नये. सुती कापडावर पाणी शिंपडून वाफेची इस्त्री दिली की तो जातो.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे टाके किती थरांतून गेले आहेत ते पाहावे. अस्तराच्या बाजूला उलट नाव दिसत असेल, तर सुई सगळ्या थरांतून गेली आहे. अस्तर कोरे असेल, तर भरतकाम फक्त वरच्या कापडावर आहे आणि त्याची उलट बाजू आत बंद झाली आहे. पहिल्या प्रकारात उसवणे सोपे असते, पण आपला हाताचा धावदोरा तुटण्याचे भय असते. दुसऱ्या प्रकारात आधी त्या भागाचा धावदोरा सोडवून थर मोकळे करावे लागतात.

कारागिराशी बोलताना

दुकानात जाण्याआधी चूक कोणाची हे स्वतःशी खरेपणाने ठरवावे. कागदावर शुद्ध लिहून दिलेले नाव चुकले असेल, ओळ तिरपी गेली असेल, दोरे लोंबत असतील किंवा बॉबिन वर आले असेल, तर ती दुकानाची चूक आहे. आपण संदेशात टंकलेले नाव तसेच भरले गेले असेल, नमुना पाहायला आपण गेलोच नसू किंवा जुने विरलेले कापड आहे हे सांगितलेच नसेल, तर वाटा दोघांचा आहे. आपल्याकडच्या बऱ्याच दुकानांत मशीन चालवणारा मुलगा कन्नड किंवा उर्दू शाळेत शिकलेला असतो. देवनागरी अक्षर त्याला चित्रासारखे दिसते, त्यामुळे अक्षर फुटले तरी ते त्याच्या नजरेला खटकत नाही. त्यात त्याचा आळस नसतो, आणि हे समजून बोलले की बोलणे वेगळ्या सुरात होते.

गर्दीची वेळ टाळून, शक्यतो सकाळी दुकान उघडल्यावर जावे आणि वाकळ पसरून प्रत्यक्ष दाखवावी. ‘अण्णा, काम बिघडवलंत’ असे म्हणण्यापेक्षा ‘अण्णा, हा रफार इथं नको होता, कागदावर बघा, तो पुढच्या अक्षरावर आहे’ असे बोट ठेवून सांगावे. मराठी नीट कळत नसेल, तर होलिगे म्हणजे शिवण, दार म्हणजे दोरा आणि बट्टे म्हणजे कापड हे तीन कन्नड शब्द पुरतात, आणि चौथा शब्द ‘बिच्चबेडी’, म्हणजे उसवू नका, हा आवर्जून शिकून घ्यावा. याचे कारण असे की, चूक मान्य करणारा चांगला कारागीरही ‘ठेवून जा, उसवून परत भरून देतो’ असे म्हणतो, आणि नेमके तेच करू देऊ नये. दुकानात उसवण्याचे काम घाईत, पुष्कळदा ट्रिमर फिरवून होते. नव्या टी-शर्टला ते चालते, पण जुन्या साडीच्या वाकळेला नाही. शिवाय एकदा सुईने चाळण झालेल्या जागेवर दुसऱ्यांदा तेवढेच दाट टाके पडले, तर नवे कापडही टिकत नाही.

त्यापेक्षा असे सुचवावे की, उसवण्याचे काम मी घरी करते, तुम्ही तेच नाव शुद्ध करून वेगळ्या सुती तुकड्यावर भरून द्या आणि त्याचे पैसे घेऊ नका. बहुतेक दुकानदार याला तयार होतात, कारण दुरुस्त केलेल्या डिझाईनचा खर्च त्यांना फारसा येत नाही आणि मोठे अंथरूण पुन्हा फ्रेममध्ये बसवण्याचा त्रास वाचतो. हा तुकडा वाकळेवर ठिगळासारखा लावता येतो. चूक पूर्णपणे दुकानाची असेल आणि आपल्याला पुन्हा त्यांच्याकडून काम नको असेल, तर भरतकामाचे पैसे परत मागण्यातही संकोच बाळगू नये.

बोलून काहीच निष्पन्न झाले नाही, तर 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा अशा कामालाही लागू होतो. पैसे घेऊन केलेल्या कामातील न्यूनतेबद्दल दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही. मागूनही पावती न देणे हीसुद्धा या कायद्याने अनुचित व्यापार प्रथा आहे. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर बोलता येते, आणि तेथे मराठी व कन्नड दोन्ही चालतात. मात्र चार-पाचशे रुपयांच्या नावासाठी आयोगापर्यंत जाण्यात जो वेळ जातो, तेवढ्यात नवी वाकळ शिवून होते, असे माझे स्पष्ट मत आहे. लग्नाच्या संपूर्ण संचाचे काम बिघडले असेल, तर गोष्ट वेगळी.

उसवावे की ठेवावे

नाव चुकले असेल तर उसवावे किंवा झाकावे, यात दुमत नाही. मूल मोठे होऊन ते नाव वाचणार आहे. बाकीच्या दोषांबाबत मात्र थोडे थांबावे.

हलक्या चुण्या असतील, तर वाकळेच्या स्वभावातच त्याचे उत्तर आहे. हाताच्या धावदोऱ्याने वाकळेवर बारीक लाटा उठतातच, आणि धुतल्यावर त्या अधिक उठून दिसतात. भरताभोवतीचा भाग सपाट कोरा राहिलेला असतो म्हणून तेथील चुणी डोळ्यांना खुपते. त्या भागात अक्षरांपासून अर्धे बोट अंतर सोडून, अक्षरांच्या वळणाने, दोन-तीन ओळी धावदोरा घालावा. चुणी त्या लाटांत विरून जाते आणि नाव उठून दिसते. त्याआधी तो भाग ओला करून, चुण्या हाताने ताणून, कडेने टाचण्या लावून जाड सतरंजीवर सपाट सुकवावा. दहापैकी निम्म्याहून अधिक वाकळांचे काम एवढ्याने भागलेले मी पाहिले आहे.

बॉबिनचे पांढरे ठिपके दिसत असतील, तर त्याच रंगाच्या एकेरी दोऱ्याने त्यांवर हाताने बारीक टाके घालावेत. बाह्यरेषा सुटली असेल, तर ती तेवढीच उसवून देठ टाक्याने किंवा उलट्या टिपेने हाताने नवी घालावी. हाताची वाकळ आणि हाताची रेघ एकमेकींना शोभतात. लोंबणारे दोरे कापताना अगदी मुळाशी कापू नयेत, नाहीतर गाठ सुटून टाके ओघळतात. दोन-तीन मिलिमीटर ठेवून, सुईने उलट बाजूला ओढून घ्यावेत.

भाग फार ताठ असेल आणि कापड जुने असेल, तर उसवणेही धोक्याचे असते, कारण तेथे कापडापेक्षा दोराच एकमेकांना धरून असतो. अशा वेळी न उसवता, त्याला आधार म्हणून ठेवून, वरून ठिगळ लावणे शहाणपणाचे.

उसवण्याची रीत

या कामाला बारीक टोकाचे टाके उसवायचे हत्यार म्हणजे सीम रिपर, टोकदार लहान कात्री, भुवया कोरायचा सपाट चिमटा, चिकटपट्टी आणि जमल्यास भिंग एवढे साहित्य लागते. ब्लेड घेऊ नये. बसण्याची जागा खिडकीजवळची असावी आणि वाकळ मांडीवर न घेता टेबलावर ठेवावी, कारण मांडीवर ती लोंबते, ओढली जाते आणि हत्यार घसरते.

टाके सगळ्या थरांतून गेले असतील, तर प्रथम भरतकामाच्या भोवती बोटभर अंतरावर गोलाकार कच्चा दोरा घालावा. त्यामुळे आतला धावदोरा चुकून तुटला, तरी थर जागचे हलत नाहीत. मग वाकळ उलटी करावी आणि काम नेहमी उलट बाजूनेच सुरू करावे. तेथे बॉबिनचा दोरा कापला जातो आणि घाव चुकला तरी तो अस्तरावर पडतो, वरच्या कापडावर नाही. रिपरचे टोक तीन-चार टाक्यांखालून सरकवावे, हत्याराची धार वर, म्हणजे कापडापासून दूर असावी, आणि दोरा उचलून कापावा. पट्टीच्या टाक्यांत मधोमध दिसणाऱ्या बॉबिनच्या दोऱ्यावरून असे थोडे थोडे कापत एक इंच पुढे जावे. तेथे थांबून वाकळ सुलटी करावी आणि वरचा दोरा चिमट्याने हलका उचलावा. उलट बाजूचे टाके खरोखर कापले गेले असतील, तर वरची रंगीत पट्टी केसांच्या बटेसारखी अलगद सुटून येते. येत नसेल, तर ओढू नये. कापडाचा धागा त्याबरोबर उचलला जातोय असे दिसले की लगेच सोडून द्यावे आणि मागच्या बाजूला परत जावे. या उलटण्या-पालटण्याचा कंटाळा येतो, पण माझी चीर याच कंटाळ्याने पडली.

मशीनने सगळ्यात शेवटी जे भरले ते आधी काढावे. म्हणजे प्रथम बाह्यरेषा, मग वरचा भराव आणि सगळ्यात शेवटी त्याखालची विरळ, उलटसुलट जाणारी आधाराची शिवण. ही खालची शिवण कित्येक जणींना माहीत नसते, आणि भराव काढल्यावर दिसणारी ती जाळी कापडाचाच धागा समजून त्या थांबतात किंवा उलट कापडाचा धागा तिच्यातला समजून कापतात. रंग पाहावा, तो भरताच्याच दोऱ्याचा असतो. पेपर लावलेला असेल आणि पोहोचता येत असेल, तर तो टाके सुटल्यावर बोटांनी दाबून धरून थोडा थोडा फाडावा. राहिलेला बारीक कचरा चिकटपट्टी बोटाला उलटी गुंडाळून टिपून घ्यावा.

एका बैठकीत तासाभरापेक्षा जास्त बसू नये. तळहाताएवढ्या दाट भरावाला मला तीन संध्याकाळी लागतात आणि घाई करून त्या दोन झालेल्या नाहीत.

अस्तर कोरे असलेल्या वाकळेत हेच करायचे, पण आधी भरताच्या सगळ्यात जवळच्या कडेचा काठ एक वीतभर उसवावा, त्या भागातला धावदोरा सोडवावा आणि हात आत जाईल एवढी खोळ मोकळी करावी. सोडवलेल्या धावदोऱ्याची दिशा आणि अंतर आधी फोटोत टिपून ठेवले, तर परत शिवताना जोड कळत नाही.

टाके निघाल्यावर भोके दिसतात आणि पहिल्यांदा पाहणारीला रडू येते. ती बहुतांशी बुजतात. जागा पाण्याने ओलसर करावी आणि नखाच्या पाठीने किंवा चमच्याच्या कडेने आधी उभ्या धाग्याच्या दिशेने, मग आडव्या धाग्याच्या दिशेने हलके घासावे. सुईने बाजूला सारलेले धागे असे जागेवर येतात. मग उलट बाजूने वाफेची इस्त्री द्यावी, सुकू द्यावे आणि हे दोन-तीनदा करावे. शहापूर-वडगावच्या मागावरच्या साध्या सुती कापडावर एका धुण्यानंतर जागा शोधावी लागते. इरकलीच्या रेशमी पदरावर मात्र भोके पुरती जात नाहीत, म्हणून पदरावर भरलेले काम उसवण्यापेक्षा झाकणेच बरे. जेथे सुईने धागाच तोडला असेल, तेथे मागून पातळ सुती तुकडा लावून त्याच रंगाच्या दोऱ्याने रफू करावे. आईच्या लुगड्यावरची ती चीर मी अशीच रफू केली आणि त्यावर लुगड्याच्याच काठाची पट्टी बसवली.

झाकायचे असेल तर

ठिगळ लावणे म्हणजे कमीपणा, असे नव्याने शिवणाऱ्यांना वाटते. वाकळ मुळात ठिगळांचीच असते, हे त्यांनी आठवावे. खानापूर, हळियाळ, यल्लापूरच्या जंगल पट्ट्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची वाकळ, शिवतात, ती कडेपासून सुरू करून आत मध्यापर्यंत तुकड्यावर तुकडा चढवत नेतात, आणि चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची फुले लावल्याशिवाय ती पूर्ण झाली असे मानत नाहीत. त्या पद्धतीने बिघडलेल्या भागावर एक मोठा तुकडा आणि त्यावर एक लहान तुकडा चढवला, तर पाहणाऱ्याला तो पहिल्यापासूनचा बेत वाटतो. तुकडा त्याच जुन्या साडीच्या उरलेल्या काठाचा असावा. कडा पाव इंच आत दुमडून, इस्त्री करून, लपत्या टाक्याने चारी बाजूंनी लावावा आणि मग त्यावरून शेजारच्या धावदोऱ्याच्या ओळी सलग पुढे न्याव्यात. ओळी सलग गेल्या नाहीत, तर तुकडा वर चिकटवल्यासारखा दिसतो.

तुकड्यावर नाव पुन्हा हवे असेल, तर तुकडा सुटा असतानाच भरून घ्यावा. हौस असेल, तर धारवाडकडच्या कसुती या हाताच्या भरतकामातला गवंती टाका शिकून हाताने एखादे तुळशीवृंदावन किंवा गोपूर काढावे. कसुतीत कापडाचे धागे मोजून, गाठ न मारता भरतात आणि गवंतीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, त्यामुळे ती सुट्या तुकड्यावरच नीट जमते. चार थरांच्या वाकळेवर धागे मोजणे होत नाही.

पुढच्या वेळी देताना

तयार वाकळ कधीही मशीनवर देऊ नये. वरचे कापड सुटे असताना त्यावर भरून घ्यावे आणि मगच थर लावून शिवावे. हवे त्यापेक्षा चारी बाजूंनी किमान चार बोटे मोठा तुकडा द्यावा, म्हणजे फ्रेममध्ये तो धरता येतो आणि काम झाल्यावर नाव मधोमध आणून कापता येतो. कापड आधी धुऊन द्यावे, नाहीतर पहिल्या धुण्यात कापड आटते, पॉलिएस्टरचा दोरा आटत नाही आणि दुकानात सरळ असलेले काम घरी येऊन आक्रसते. गडद लाल किंवा हिरव्या साडीचा रंग जातो का, हेही ओला पांढरा रुमाल पाच मिनिटे दाबून धरून पाहावे.

देवनागरी नावाबाबत फार काळजी घ्यावी लागते. भरतकामाची अनेक सॉफ्टवेअर आपली लिपी नीट जुळवत नाहीत. मोबाईलवर शुद्ध दिसणारे ‘शर्मिष्ठा’ हे नाव तेथे टाकले की रफार म च्या डोक्यावर न चढता र पाय मोडून वेगळा उभा राहतो, ऱ्हस्व वेलांटी म च्या आधी यायची ती नंतर येते आणि ष्ठ फुटून दोन अक्षरे होतात. म्हणून नाव संदेशात टंकून पाठवू नये. चांगल्या अक्षरात मोठे लिहून त्याचा फोटो द्यावा, किंवा छपाईचे काम करणाऱ्या एखाद्याकडून अक्षरे कर्व्ह करून, म्हणजे फॉन्टऐवजी रेषांच्या आकारात बदलून घेतलेली फाईल द्यावी. मराठी वळणाचा ल आणि श हिंदीहून वेगळे आहेत, तेही कागदावर दाखवावे. अक्षराची उंची, मात्रा-वेलांट्या सोडून, अर्ध्या इंचापेक्षा कमी ठेवू नये. त्याहून लहान केले की जोडाक्षरांच्या आतल्या फटी बुजतात आणि अनुस्वार नुसती गाठ होऊन बसतो.

पंचिंग, म्हणजे नावाची मशीनसाठीची फाईल, तयार झाल्यावर, आपल्या कापडावर सुई पडण्याआधी, दुकानातल्या चिंधीवर एक नमुना भरून मागावा आणि तो पाहायला स्वतः जावे. फोटोवर समाधान मानू नये, कारण ताठरपणा फोटोत दिसत नाही. जुन्या कापडासाठी टाके विरळ ठेवा आणि खाली पेपर लावा, हे पावतीवरच लिहून घ्यावे. नमुन्याचा थोडा वेगळा पैसा मागितला तर तो आनंदाने द्यावा. भरून झाल्यावर त्याच दोऱ्याची दोन-तीन मीटरची गुंडी मागून घ्यावी आणि ती उरलेल्या काठाच्या तुकड्याबरोबर डब्यात जपून ठेवावी. दसऱ्याआधी वाकळा धुवायला काढतो तेव्हा एखादा टाका सुटलेला दिसतो आणि तोच रंग तेव्हा बाजारात मिळत नाही.

दुरुस्त केलेली वाकळ पहिल्यांदा धुताना नदीवर आपटू नये आणि पिळूही नये. थंड पाण्यात सौम्य साबणाने हलवून काढावी आणि भरलेली बाजू आत दुमडून, सावलीत, दोन दोऱ्यांवर आडवी टाकून सुकवावी, म्हणजे पाण्याचे वजन नव्या टाक्यांवर येत नाही.